फ्रीडरिखचं आकाश तैलरंगात कसं साधावं?

कॅनव्हासवेडा: जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखच्या ‘समुद्राकाठचा भिक्षू’ची (१८०८–१०, ११० × १७१.५ सेंमी) निम्म्या मापात नक्कल करायची आहे. टायटॅनियम व्हाइटमध्ये (अपारदर्शक पांढरा) अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून आकाश रंगवलं की ते खडूसारखं निर्जीव दिसतं. शिवाय फोटो दोन तऱ्हेचे मिळतात, पिवळट आणि थंड निळे. खरा कुठला?

तैलरंगी: निळा. बर्लिनच्या आल्टे नॅशनल गॅलरीत २०१३ ते २०१६ या काळात या चित्राचं संवर्धन झालं. तेव्हा पिवळं पडलेलं व्हार्निश (चित्रावरचा संरक्षक लेप) उतरवलं. त्यानंतरचाच फोटो घ्या.

आता पांढऱ्याबद्दल. फ्रीडरिख तैलरंगाकडे वळला तो सेपियात (कागदावर तपकिरी शाईने काढलेल्या चित्रांत) हात पक्का झाल्यावर. १८०५ साली वायमारला कवी गटेच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं तेही सेपिया चित्रांसाठीच. सेपियात उजेड कागदाचा असतो, आणि तैलचित्रातही त्याने उजेड खालूनच येऊ दिला. टायटॅनियम नेमका तोच अडवतो.

फिकट, गुळगुळीत ग्राउंड (रंगाखालचा पायाचा लेप) घ्या. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असू द्या. तो पूर्ण वाळला की जवसाच्या तेलातले पारदर्शक थर एकावर एक चढवा, त्यांत पांढरा अजिबात नको. मऊ, कोरड्या ब्रशने टिपून कडा विरवा. घाई केलीत तर खालचा थर उचकटून चिखल होतो. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा कमी पडलं तर पुढे तडे जातात.

रंगद्रव्य: फ्रीडरिख निळ्यासाठी स्माल्टही वापरायचा. ही कोबाल्टने रंगवलेली काचेची पूड. तेलात ती जवळजवळ पारदर्शक होते, म्हणून आकाशाला ती खोली. पूड बारीक वाटली तर रंग फिका पडतो, जाड ठेवली तर ब्रशखाली खरखरते. तिच्यातलं पोटॅशियम तेलात झिरपून निळा कालांतराने करडा होतो. तुम्ही कोबाल्ट ब्ल्यूचा पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) द्या. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, तो इथे नको.

कॅनव्हासवेडा: भिक्षूच्या बाजूला जहाजं होती म्हणतात, ती घ्यायची का?

तैलरंगी: नको. इन्फ्रारेड तपासणीत ती खालच्या रेखाटनात दिसतात, पण अंतिम चित्रात फ्रीडरिखने ठेवली नाहीत. म्हणूनच त्या आडव्या पट्ट्यांत उभा आकार एकट्या भिक्षूचा उरतो. त्याला मोठा करण्याचा मोह टाळा, सगळं चित्र त्याच्या लहानशा आकारावर उभं आहे. आणि शेवटचं व्हार्निश किमान सहा महिन्यांनी.