पावसाच्या नोंदीत रिकामे सेल आणि एन/ए एरर, सगळीकडे शून्य टाकू का?

शिवारपाऊस:
नमस्कार मंडळी. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या पाच गावांत साधं पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी साडेआठला कुणीतरी मोजपात्रात पाणी ओतून वहीत मिमी लिहितं, आणि २०१९ पासूनच्या सगळ्या वह्या मी एक्सेलमध्ये चढवतोय. काही दिवशी वहीत आडवी रेघ आहे, काही दिवशी "निरंक" आणि काही दिवशी जागा कोरीच. वर गावांच्या यादीवरून व्हीलूकअप (यादीत नाव शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) लावला तर अर्ध्या ओळी एन/ए, म्हणजे "सापडलं नाही". मित्र म्हणाला सगळं इफएररमध्ये (एरर आली तर त्याजागी आपण सांगू ते दाखवणारं फंक्शन) घाल आणि शून्य दे, दिलं, शीट स्वच्छ दिसली पण एका गावाचा अख्खा जुलै शून्य आला, आणि तो जुलै मला चांगला आठवतोय, ओढ्याला पाणी येऊन शाळेची वाट बंद होती. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचाय, त्यात चुकीचा आकडा जायला नको. काय करू?

हिशेबनीस:
आधी तो इफएरर काढ रे बाबा. तो सगळ्याच एररवर पांघरूण घालतो, फॉर्म्युल्यात फंक्शनचं नाव चुकलं असलं तरी शून्यच दाखवणार. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये इफएनए आहे तो वापर, तो फक्त "सापडलं नाही" एवढंच पकडतो, आणि शून्याऐवजी "यादीत नाही" असं लिहून घे म्हणजे डोळ्याला टोचेल. तुझे एन/ए बहुतेक नावांमुळे असणार. ओतूर आणि ओतुर एक्सेलला दोन वेगळी गावं. शेवटी स्पेस राहिली तरी तेच, लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावून बघ, ऊकार वेगळा मोजून ओतूरला ४ यायला हवेत, ५ आले तर स्पेस आहे, ट्रिम फंक्शनने जाईल. वेबवरून कॉपी केलं असेल तर कधीकधी कॅरेक्टर १६० वाली स्पेस येते, ती ट्रिमने जात नाही, सबस्टिट्यूटने (एका अक्षराजागी दुसरं टाकणारं फंक्शन) काढावी लागते. यापुढे गावाचं नाव टाइपच करू नको, डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लाव, म्हणजे यादीतूनच नाव निवडता येईल.

मृगधारा:
वरचं बरोबर, पण रिकाम्या दिवसांचं जास्त मनावर घे. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा जूनमध्ये २५ दिवस मोजलं, बेरीज १५० मिमी. पाच सेल रिकामे ठेवले तर ॲव्हरेज ६ देईल, शून्य टाकलं तर ५. बेरजेत मात्र रिकामा सेल गुपचूप शून्यच धरला जातो, म्हणून प्रत्येक महिन्याच्या बेरजेशेजारी काउंट (किती सेलमध्ये आकडा आहे ते मोजणारं फंक्शन) लाव आणि "१५० मिमी, ३० पैकी २५ दिवस" असंच ग्रामसभेला दाखव.
अजून एक, रविवारी कुणी मोजलं नाही तर सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम येतं. ते निम्मं निम्मं करू नको. महिन्याची बेरीज बरोबरच राहते, पण पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त) आणि एका दिवसाचा सर्वात मोठा पाऊस हे दोन्ही बिघडतात. शेजारी एक कॉलम कर, मोजलं / नाही मोजलं / साठलेलं. आणि रेघेचा अर्थ वही लिहिणाऱ्यालाच विचार, आपण ठरवायचा नाही.

शिवारपाऊस:
झालं! जुलैचं भूत ऱ्हस्व-दीर्घाचंच निघालं, नाव सुधारल्यावर आकडे आले. वही लिहिणाऱ्या आजोबांकडे जाऊन आलो, निरंक म्हणजे बघितलं पण पाऊस नव्हता, रेघ म्हणजे ते गावाला गेले होते. त्या महिन्यात नऊ रेघा आहेत. शेजारच्या गावाचे आकडे तिथे भरले तर चालेल का?

मृगधारा:
मूळ कॉलममध्ये अजिबात नाही. आपल्या तालुक्यात नाणेघाटाकडे धो धो आणि आळे-बेल्ह्याकडे कोरडं, केवढा फरक पडतो तुला माहितीच आहे. अंदाज हवाच असेल तर वेगळा कॉलम, वेगळा रंग, कुठल्या गावावरून घेतला ते बाजूला लिही, आणि बेरीज दोन्ही दाखव. त्या नऊ दिवसांनंतरची पहिली नोंद नीट बघ, मापकातलं पाणी मधे कुणी ओतून टाकलं नसेल तर ती सगळी साठलेलीच असणार. आजोबांना तेवढं परत विचार.