चुशूलच्या बाजूला सीमा नक्की राखतं कोण?

सांगलीची_रेवा: चुशूल हे पूर्व लडाखमधलं चीन सीमेजवळचं गाव. तिथल्या बातम्यांत कधी लष्कर असतं, कधी आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), कधी बीआरओ (सीमा रस्ते संघटना). कोणाचं काम काय? आणि गावकऱ्यांचा खरंच काही वाटा असतो का?

दिघी_ग्रेफवाला: रेवाताई, मी ग्रेफमधून, म्हणजे बीआरओच्या रस्ते बांधणाऱ्या दलातून निवृत्त झालो. दिघी कॅम्पात ट्रेनिंग, पुढे लडाखला हिमांक प्रोजेक्ट, म्हणजे बीआरओचं तिथलं रस्त्यांचं काम. आयटीबीपी १९६२ मध्ये उभी राहिली, ती गृहमंत्रालयाची. लष्कर संरक्षण मंत्रालयाचं. गस्त दोघंही घालतात.

सीमेवरचे रस्ते बांधते बीआरओ. तीत लष्करी इंजिनिअर आणि आम्ही ग्रेफवाले एकत्र. आम्ही सिव्हिलियन, तरी शिस्तीपुरता आर्मी अ‍ॅक्ट आम्हालाही लागू. पण दगड फोडतात ते रोजंदारीवरचे मजूर, त्यातले कितीतरी झारखंडच्या दुमक्याचे. चौदा हजार फुटांवर नुसतं चालताना धाप लागते, तिथे ही माणसं घण मारतात. सैन्याची रसद त्याच रस्त्याने वर जाते. त्यांचं नाव कुठेच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गावकऱ्यांचं विचारलंत. २०२० मध्ये चीनशी तणाव असताना चुशूल, मेराक या गावांची माणसं पाठीवर पाणी आणि शिधा घेऊन जवानांसाठी डोंगर चढली. त्याआधी, मे १९९९ मध्ये कारगिलच्या बाजूला पाकिस्तानी घुसखोर पहिल्यांदा दिसले ते गारकोन गावच्या ताशी नामग्याल यांना. हरवलेला याक शोधायला गेले होते. त्यांनी लगेच लष्कराला कळवलं.

अकोल्याचा_वाचक: काका, मग बफर झोनमुळे याच लोकांची चराई गेली, त्याचं काय?

दिघी_ग्रेफवाला: खरं आहे, माझाही जीव तिथेच तुटतो. भारत-चीनची सैन्यं मागे घेताना मध्ये मोकळे पट्टे ठेवले, तेच बफर झोन; त्यांत हिवाळी कुरणं गेल्याचं तिथले लोक सांगतात. पश्मिन्याच्या बकऱ्यांवर त्यांचं घर चालतं. कुरण गेलं की कळप विकायचा आणि लेहला मजुरी शोधायची. जानेवारी २०२४ मध्ये पूर्व लडाखमधल्या काकजुंगला मेंढपाळांनी चिनी सैनिकांना तोंडावर सुनावलं, ‘ही आमची जमीन’ म्हणून. ही माणसं उठून गेली तर तिथे असं कोण बोलणार?

सांगलीची_रेवा: सीमेवरच्या गावांसाठी सरकारची व्हायब्रंट व्हिलेज योजना आहे ना?

दिघी_ग्रेफवाला: आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४,८०० कोटी मंजूर झाले, त्यातले २,५०० कोटी रस्त्यांना. मी रस्तेवाला, मला रस्ते हवेतच. पण चांगथांगात, म्हणजे या मेंढपाळांच्या पठारावर, आधी चराई मोकळी करा. कळप कुठवर न्यायचा हे ठरवताना गावच्या गोबाला, म्हणजे मुखियाला, चौकीवर बोलावून बसवा. कुठली कुरणं पिढ्यान्‌पिढ्या आपली, हे त्याला तोंडपाठ असतं.