बल्गेरियन लष्करी पदकाची ओळख कशी पटवावी?

प्रश्न:
ग्वाल्हेरला लष्कर भागातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक गोल पदक मिळाले. त्यावर सिंह आणि 1915–1918 ही वर्षे आहेत, सोनेरी मुलामा कडेला झिजला आहे आणि लाल फीत त्रिकोणी घडी घालून बसवलेली आहे. हा शौर्याचा सन्मान असावा का?

उत्तर १:
नाही. हे पहिल्या महायुद्धातील सहभागाचे स्मृतिपदक आहे. बल्गेरिया 1915 मध्ये युद्धात उतरला असला, तरी त्सार (बल्गेरियाचा राजा) बोरिस तिसरा याने ते 1933 मध्ये सुरू केले. शौर्याचा सन्मान 1880 मध्ये बल्गेरियाचा तेव्हाचा शासक प्रिन्स अलेक्झांडर याने स्थापन केला. तो क्रूसाच्या आकाराचा असतो, त्याला तलवारी जोडलेल्या असतात आणि ‘झा ख्राब्रोस्त’, म्हणजे ‘शौर्यासाठी’, अशी अक्षरे त्यावर असतात. फितीची कड नीट पाहा. ती काळी असेल, तर पदक युद्धात पडलेल्या सैनिकाच्या नातलगांना दिलेले असते, आणि अशी फीत मूळ पदकापासून कधीही वेगळी करू नये.

उत्तर २:
कृपया चिंचेने किंवा ब्रासोने घासू नका. मी एकदा ती चूक केली आणि उरलासुरला मुलामाही गेला. मऊ, कोरडे कापड पुरे.

प्रश्नकर्ता:
भिंगातून पाहिले, कड काळीच आहे. फितीला आता हात लावणार नाही.