सावली आणि प्रतिबिंब यांतील फरक लहान मुलांना प्रयोगातून कसा समजावून द्यावा?

प्रश्न
मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना प्रकाश हा घटक शिकवते. प्रकाश सरळ रेषेत जातो, अपारदर्शक वस्तूची सावली पडते, आरशात प्रतिबिंब दिसते, ही वाक्ये मुले न अडखळता म्हणतात. परंतु स्वतःच्या सावलीचे चित्र काढायला सांगितले की त्यांतील बरीच मुले तिला डोळे, नाक आणि हसरे तोंडही काढतात. सावली म्हणजे आपलीच काळी प्रतिमा, अशी त्यांची समजूत दिसते. साध्या साहित्यात करता येतील असे कोणते प्रयोग यासाठी उपयोगी पडतील?

प्रतिसाद १
ती चित्रे जपून ठेवावीत, कारण मुलांच्या मनात नेमके काय आहे हे त्यांतून जितके कळते तितके तोंडी उत्तरांतून कळत नाही. पुठ्ठ्याची एक बाहुली कापून तिचा चेहरा रंगवावा आणि दिवा लावण्यापूर्वी ‘सावलीत डोळे दिसतील का?’ असे विचारून प्रत्येकाचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. सावलीत रंगवलेले डोळे दिसत नाहीत. मात्र त्यांच्या जागी भोके पाडली की तेथे उजेडाचे ठिपके उमटतात आणि प्रकाश कोठे अडला व कोठून पार गेला हे मुले स्वतःच सांगू लागतात. तीच बाहुली मग आरशासमोर धरावी, म्हणजे सगळे रंग दिसतात.

याहून महत्त्वाचा प्रयोग पुढचा आहे. सावली फक्त भिंतीवर असते, असे बहुतेक मुलांना वाटते. खोलीत अंधार करून, बाहुली आणि भिंत यांच्यामध्ये एक पांढरा कागद धरावा आणि तो हळूहळू मागे न्यावा. सावली प्रत्येक ठिकाणी कागदावर उमटते. बाहुलीच्या मागची सगळीच जागा प्रकाशावाचून आहे, भिंत केवळ तिचा शेवट दाखवते, हे येथे डोळ्यांना दिसते. या प्रयोगाला घाई करू नये.

प्रतिसाद २
वरील प्रयोगांना मोजमापाची जोड द्यावी. दिव्यापासून २० सेंमी अंतरावर १० सेंमी उंचीची पट्टी उभी केली आणि भिंत दिव्यापासून १०० सेंमी दूर असली, तर सावली ५० सेंमी उंच पडते; पट्टी ५० सेंमीवर नेली की ती २० सेंमीची होते. दिवा मात्र लहान हवा, आणि मोबाइलचा दिवा यासाठी चांगला. लांब नळीच्या दिव्याने कडा अंधूक होतात, कारण कडेच्या भागात दिव्याच्या काही भागाचा प्रकाश पोहोचतो आणि काही भागाचा पोहोचत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
दोघांचेही आभार. प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावरच असते, असेही मुले ठामपणे म्हणतात. त्यासाठी काय करावे?

प्रतिसाद ३
पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा टेबलावर उभा करून त्याच्यापुढे एक खडू ठेवावा आणि तसाच दुसरा खडू मागे ठेवून, तो पुढच्या खडूच्या प्रतिबिंबाशी तंतोतंत जुळेपर्यंत सरकवायला सांगावे. डोके डावीउजवीकडे हलवूनही दोन्ही एकत्रच राहिले, म्हणजे जागा बरोबर सापडली. मग दोन्हीकडची अंतरे मोजावीत. ती जवळजवळ सारखी येतात आणि प्रतिबिंब पृष्ठभागाच्या मागे दिसते, हे मुलांनी स्वतः मोजलेले असते.

माझ्या मते हा प्रयोग सावलीच्याच दिवशी घेऊ नये. आधी, पांढरा कागदही प्रकाश परावर्तित करतो, हे दाखवावे: अंधाऱ्या खोलीत कागदावर उजेड टाकला की जवळ बसलेल्या मुलाचा चेहरा उजळतो, तरीही कागदात प्रतिबिंब दिसत नाही. ॲल्युमिनियमची गुळगुळीत फॉईल आधी पाहून नंतर ती चुरगाळली की कारण ध्यानात येते, कारण खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश अनेक दिशांना विखुरतो. आरशाने उन्हाचा कवडसा पाडताना तो कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये, सूर्याकडे थेट पाहू देऊ नये आणि लेझर तर वर्गात आणूच नये.