मदत हवी आहे: फ्रीलान्स व्यवसायाच्या आराखड्यात उत्पन्नाचा अंदाज कसा मांडावा?

मी 6 वर्षांपासून एकटाच तांत्रिक लेखनाची कामे स्वतंत्रपणे करतो. येत्या वर्षात दोन सहकाऱ्यांना कामानुसार मोबदल्यावर जोडून घेण्याचा विचार असून त्यासाठी व्यवसाय आराखडा लिहायला घेतला आहे. कर्ज किंवा गुंतवणूकदार नको आहेत. आराखडा केवळ माझ्या निर्णयांसाठी आहे.

सेवा, ग्राहकवर्ग आणि दर यांविषयीचा भाग लिहून झाला. अडले आहे ते आर्थिक अंदाजापाशी. तयार नमुने वापरून पाहिले, परंतु ते दुकान किंवा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्याने त्यांत मालसाठ्याला रकाना आहे, विकल्या जाणाऱ्या तासांना मात्र नाही. मग मागील 24 महिन्यांच्या बिलांची सरासरी काढली. तीही फसवी निघाली, कारण निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येते आणि बिल दिल्यापासून पैसे हाती पडायला 30 ते 60 दिवस लागतात. आठवड्याच्या 40 तासांपैकी बिल लावता येतील असे तास जेमतेम 22 भरतात (हा आकडा पाहून मीच चकित झालो), आणि सहकाऱ्यांचे काम तपासू लागल्यावर ते आणखी घटणार, हे उघड आहे.

चालू करार वर्षअखेरीपर्यंतचे असल्यामुळे तूर्त दर वाढवता येणार नाहीत. तेव्हा ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांना विचारायचे आहे: अंदाज तासांवर बांधावा की कामांच्या संख्येवर, आणि मुख्य ग्राहक जाण्याची शक्यता गृहीत धरून किती महिन्यांचा खर्च शिल्लक असल्यावर पहिला सहकारी घ्यावा?