म्युझिक स्कूलच्या या सेमिस्टरच्या कॉन्सर्ट्स: काय काय ऐकावं?

नवश्रोता

नमस्कार मंडळी, आमच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलचं येत्या सेमिस्टरचं वेळापत्रक आलंय आणि बघून एकीकडे हरखून गेलेय, दुसरीकडे पार गोंधळलेय. मी म्युझिकची नाही, दुसऱ्याच डिपार्टमेंटला आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीतं लहानपणापासून कानावर आहेत त्यामुळे बसून ऐकायची सवय आहे, पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत तुकड्यातुकड्यानेच ऐकलंय, ते बहुतेक हेडफोनवर.

आता यादीत जवळजवळ रोज संध्याकाळी काहीतरी आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रा, विंड एन्सेंबल, कॉयर, ऑपेरा सीन्स, चेंबर म्युझिक, फॅकल्टी रिसायटल, मास्टरक्लास, न्यू म्युझिक, आणि सीनियर रिसायटल, मास्टर्स रिसायटल यांच्या तर रांगाच्या रांगा. मला आठवड्यातली एक संध्याकाळ काढता येईल. तर निवडायचं कसं? ती विद्यार्थ्यांची रिसायटलं असतात तिथे अनोळखी माणसाने जाऊन बसलेलं चालतं का, का ती घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठीच असतात? आधी काही ऐकून जावं का कोऱ्या कानाने जावं? आणि टाळ्या नक्की कधी वाजवायच्या, कारण आपल्याकडे जागेवर दाद द्यायची सवय, तिथे सगळे चिडीचूप बसलेले असतात आणि मला धास्ती वाटते.

साथसंगत

डोळे झाकून डिग्री रिसायटलांना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एकल कार्यक्रमांना, जा. मी अशाच एका म्युझिक स्कूलमध्ये पियानो साथ करते, गायकांची, व्हायोलिन, क्लॅरिनेट सगळ्यांची, त्यामुळे हे अगदी आतून सांगतेय. ही रिसायटलं बहुतेक ठिकाणी सगळ्यांसाठी खुली आणि फुकट असतात आणि तरी हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. स्टेजवरचा मुलगा किंवा मुलगी एका तासाच्या कार्यक्रमासाठी वर्षभर राबलेली असते, कारण ती पदवीची परीक्षाच असते, बऱ्याच शाळांत तर काही आठवडे आधी शिक्षकांच्या समितीपुढे वाजवून दाखवावं लागतं आणि त्यांनी हिरवा कंदील दाखवला तरच तारीख पक्की होते. ज्युनियर रिसायटल साधारण अर्ध्या तासाचं, सीनियर आणि मास्टर्सचं तासाभराचं, शाळेशाळेप्रमाणे थोडं इकडेतिकडे. अनोळखी माणूस आला तर वाजवणाऱ्याला आनंदच होतो, कारण आई-वडील आणि रूममेट काहीही झालं तरी टाळ्या वाजवणारच असतात, पण निव्वळ ऐकायला कोणी आलंय हे स्टेजवर फार जाणवतं.

आणि नव्या श्रोत्यासाठी याच्याइतकी चांगली शाळा नाही. का, तर परीक्षेच्या नियमांमुळे कार्यक्रमात वेगवेगळ्या काळांतलं संगीत घ्यावंच लागतं. एका तासात बाख, मग बेथोव्हेन किंवा शूबर्ट, मग एखादा फ्रेंच, मग विसाव्या शतकातलं काहीतरी. गायकांना तर सहसा इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन-चार भाषांत गावं लागतं आणि बहुतेक वेळा शब्दांचं भाषांतर छापून हातात देतात. ते आधी वाचा. गाणं सुरू झाल्यावर कागदात डोकं घालू नका, कारण गायक सगळं पाठ गात असतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक उदाहरण देते. कुठल्याही गायकाच्या कार्यक्रमपत्रिकेत शूबर्टचं 'एर्लकोनिग' दिसलं तर चुकवू नका. जर्मन कवी गोएथेची कविता, शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी चाल लावली, जेमतेम चार मिनिटांचं गाणं. रात्रीचा वारा, बाप आजारी पोराला छातीशी धरून घोडा फेकत चाललाय आणि पोराला एक भुताचा राजा बोलावताना दिसतोय. एकटा गायक चार जणांचं गातो: निवेदक, बाप, पोर आणि तो राजा. बापाचं खालच्या सुरात, धीर देणारं, पोराचं वर, घाबरलेलं, आणि त्याची 'बाबा, बाबा' ही हाक दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरातून येते. राजाचं मात्र गोड, लाडीगोडीचं, आणि तिथे पियानोची चालही बदलते. पियानोवाल्याचा उजवा हात तेवढ्या वेळात एकाच सुराच्या जोड्या एका मात्रेत तीन-तीन करत ठोकत असतो, तो घोडा. बोटांनी ते होत नाही, मनगट सैल ठेवून करावं लागतं, आणि कितीही रियाज असला तरी शेवटच्या पानापर्यंत दंड भरून येतो. शेवटी घोडा थांबतो, गायक जवळजवळ बोलल्यासारखं एक वाक्य म्हणतो आणि संपतं. हे हेडफोनवर नुसतं ऐकण्यात आणि पंधरा फुटांवर बसून बघण्यात फार फरक आहे.

टाळ्यांसाठी साधी युक्ती: कार्यक्रमपत्रिकेत कृतीच्या नावाखाली आत सरकवून अलेग्रो, अडाजिओ, प्रेस्टो असं लिहिलेलं असतं ते तिचे भाग. ते मोजायचे, शेवटचा संपला की टाळ्या. गाण्यांचे गट केलेले असतात तिथे गट संपल्यावर.

थोरला_बास

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सुरुवात रिसायटलने करू नका असं माझं मत. मी हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या वृंदात, बास हा सगळ्यात खालचा आवाज गातो, आणि मला वाटतं पहिला धक्का मोठ्या आवाजाचाच बसायला हवा. ऐंशी-नव्वद माणसं एकाच वेळी वाजवतात तेव्हा हवेतच काहीतरी होतं, डबल बासचा आवाज खुर्चीतून अंगात येतो, हे कुठल्याही स्पीकरवर मिळत नाही. थोडं लवकर जाऊन बसा, सूर मिळवणं ऐकण्यासारखं असतं. ओबो हे फुंकवाद्य एकटंच 'ए' हा सूर धरतं, ४४० हर्ट्झच्या आसपास, आणि मग एकेक विभाग त्याला येऊन मिळतो. तानपुरा जुळवताना ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला त्यातली मजा सांगायला नको.

जागा म्हणाल तर पहिल्या रांगेत अजिबात बसू नका, तिथे फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागची फुंकवाद्यं समोरच्यांच्या आड जातात. मधल्या किंवा मागच्या रांगा, बाल्कनी असेल तर फारच उत्तम, कारण वरून कोणता आवाज कुठून येतोय ते दिसतं. ऑर्केस्ट्रा बघत ऐकल्याने कान लवकर तयार होतो, हॉर्न आणि ट्रॉम्बोन यांतला फरक मला तरी असाच कळला.

टाळ्यांबद्दल. तुम्हाला जी धास्ती वाटते ती मुळात या संगीताची नाहीच, ही शांत बसायची शिस्त बरीच नंतरची. मोझार्टची ३१ वी सिम्फनी १७७८ मध्ये पॅरिसला झाली, तेव्हा त्याने वडिलांना पत्र लिहून आनंदाने कळवलं होतं की पहिल्या भागाच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती जागा आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणजे जागेवर दाद! आता रिवाज बदललाय, तो पाळावा, कारण शांततेचीही आपली एक गंमत असते. सगळ्यात फसवी जागा चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी. तिचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की जाणकार लोकांचेही हात उठतात, आणि खरा शेवट त्यानंतरचा चौथा भाग आहे, हळूहळू विझत जाणारा. वाद्यवृंदाच्या वेळी कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून वृंद चालवणाऱ्याचे, हात बघायचे. ते वर असेपर्यंत संगीत चालू आहे असं समजा, आवाज बंद झाला असला तरी.

सेमिस्टरच्या शेवटी बऱ्याचदा ऑर्केस्ट्रा आणि कॉयर एकत्र काहीतरी मोठं करतात. बेथोव्हेनची नववी सिम्फनी असेल तर एक लक्षात ठेवा, साधारण सत्तर मिनिटांची आहे आणि कॉयर फक्त शेवटच्या भागात गातो. त्याआधी आम्ही पाऊण तास नुसते बसलेलो असतो, पण स्टेजवर बसून पहिले तीन भाग ऐकायला मिळणं हे गाण्याइतकंच मोठं भाग्य आहे असं मी मानतो.

पानउलट

थोडक्यात कामाचं: रिसायटलची तारीख आणि हॉल शेवटच्या आठवड्यातही बदलतो, कधी गायकाचा घसाच बसतो, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी वेबसाइटवर परत बघून मगच निघा. उशीर झाला तर दाराबाहेर थांबा, एक कृती संपून टाळ्या सुरू झाल्या की आत सोडतात. फोन सायलेंट पुरेसा नाही, स्क्रीनचा उजेड शेजारच्याला आणि स्टेजवरच्यालाही त्रास देतो. कपडे रोजचेच चालतात. आणि बऱ्याच शाळा लाइव्हस्ट्रीम करतात, ते परत ऐकायला छान, पण जाणं शक्य असताना स्ट्रीमवर भागवू नका.

तिहाई

न्यू म्युझिकबद्दल, म्हणजे अलीकडच्या काळातल्या रचनांबद्दल, कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांनी तालवाद्यांची रिसायटलं आणि न्यू म्युझिकच्या कॉन्सर्ट्स आवर्जून ऐकाव्यात, आपल्या कानाला तिथे अनपेक्षित ओळखीच्या जागा सापडतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइकचं १९७२ सालचं 'क्लॅपिंग म्युझिक' विद्यार्थी हमखास करतात, वाद्यं लागतच नाहीत ना, दोन माणसं आणि चार हात. बारा मात्रांचं एक आवर्तन धरा: तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, एक रिकामी, एक टाळी, एक रिकामी, दोन टाळ्या, एक रिकामी. पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनं सोबत वाजवून एक मात्रा पुढे सरकतो, परत काही आवर्तनं, परत एक मात्रा, असं करत करत बाराव्या वेळी दोघं पुन्हा एकावर एक. चार-पाच मिनिटांचा मामला. मधल्या टप्प्यांवर दोघांच्या टाळ्यांतून तिसराच ताल ऐकू यायला लागतो जो दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो, आणि शेवटी जेव्हा दोघं एकत्र येतात तेव्हा समेवर आल्यासारखी मान आपोआप हलते. घरी कोणाला तरी समोर बसवून करून बघा, जो न सरकता पहिलंच धरून बसतो त्याचं काम जास्त अवघड आहे हे लगेच कळेल.

चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या, यादीत फ्रेंच संगीतकार मेसियांचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' आहे का बघा. मेसियांने युद्धकैदी असताना जर्मनांच्या छावणीत हे पूर्ण केलं आणि जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या कैद्यांपुढेच ते पहिल्यांदा वाजलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो, कारण छावणीत वाजवणारे तेवढेच होते. त्यातला तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे. शून्यातून सूर निघतो, कुठे सुरू झाला ते कळतच नाही, वाढत वाढत हॉल भरून टाकतो. एका श्वासात षड्ज लावून तो फुलवत नेणाऱ्या गवयाचा दमसास ज्याला भावतो त्याने हे प्रत्यक्षच ऐकावं.

न्यू म्युझिकमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेलंही असतं. त्यातलं सगळंच आवडेल असं नाही, काही कृती मलाही पोचत नाहीत, पण रचनाकार त्याच हॉलमध्ये मागे बसलेला असतो आणि मध्यंतरात सरळ जाऊन विचारता येतं की हे असं का केलंस. हे भाग्य दुसरीकडे कुठे मिळणार?

नवश्रोता

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! आता यादी परत काढून बसलेय. पहिल्या आठवड्यात एका सोप्रानोचं, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेचं, मास्टर्स रिसायटल आहे, त्यात शूबर्टची गाणी आहेत पण कुठली ते दिलं नाहीये. त्यानंतर ऑर्केस्ट्रा. पर्कशन एन्सेंबल, म्हणजे तालवाद्यांचा वृंद, पण सापडलं, ते नक्की. अजून दोन गोष्टी विचारते, मास्टरक्लासला बाहेरच्यांनी जावं का, आणि ऑपेरा सीन्स म्हणजे नक्की काय, पूर्ण ऑपेरा नाही का तो?

साथसंगत

मास्टरक्लासला जाच. पाहुणा कलाकार येतो, तीन-चार विद्यार्थी एकेक कृती पूर्ण वाजवतात आणि मग तो सगळ्यांसमोर त्यावर काम करतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा, इथे श्वास आधी घे, हा सूर इतका जड का, ही ओळ कुठे चाललीय ते आधी ठरव. पाच मिनिटांत त्याच मुलीचा आवाज तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो. आपल्याकडे गुरूसमोर बसून तालीम चालते तेव्हा बाहेरच्याला सहसा कोणी आत बसू देत नाही, इथे ती खुलेआम बघायला मिळते. काय ऐकायला शिकायचं हे मास्टरक्लासइतकं पटकन कुठेच कळत नाही. फक्त मास्टरक्लास कुठे कुठे फक्त विद्यार्थ्यांसाठी असतो, तेवढं खात्रीने बघून घ्या.

ऑपेरा सीन्स म्हणजे वेगवेगळ्या ऑपेरांतले निवडक प्रवेश, साधं नेपथ्य, साथीला बहुतेक वेळा ऑर्केस्ट्राऐवजी पियानोच. पूर्ण ऑपेरा वर्षातून एखादा होतो, कारण खर्च आणि तालमी फार. इंग्रज संगीतकार पर्सेलचा 'डायडो अँड एनियस' दिसला तर पहिला ऑपेरा म्हणून तोच बघा, तासाभराचा आहे, इंग्रजीत आहे, आणि त्याचा सगळ्यात जुना माहीत असलेला प्रयोग मुलींच्या शाळेतच झाला होता, १६८९ च्या सुमारास. शेवटी नायिका डायडोचं विलापगीत आहे, त्यात खाली बासमध्ये एकच उतरती ओळ परत परत येत राहते आणि वर गाणं तिच्याशी न जुळवून घेता आपल्या जागा घेत जातं. आधी ऐकून जायचं असेल तर एवढं एकच ऐकून जा, आणि खालच्या ओळीकडे कान ठेवा.

सोप्रानोच्या रिसायटलला गेलात तर कुठली गाणी गायली ते इथे कळवा.