शब्दचर्चा : ‘झ्यूस क्टेसिओस’ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा : प्राचीन अथेन्समधल्या घरगुती पूजेवरच्या मजकुराचं भाषांतर करतोय. त्यात ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याची दोन बिरुदं वारंवार येतात, क्टेसिओस आणि हेर्केइओस. पहिल्याला ‘संपत्तीचा देव’ आणि दुसऱ्याला ‘कुलदैवत’ असं सुचतंय. चालेल का? शिवाय पहिल्याच्या पूजेत एक भांडं स्थापतात. त्याला ‘घट’ म्हणावं का?

खलबत्ता : तिन्ही शब्द थोडे थोडे चुकतात.

हे बिरुद ‘क्तेसिस’वरून आलं. ‘क्तेसिस’ म्हणजे मिळवणं, आणि मिळवून राखलेलंही. आपल्या ‘मिळकत’मध्ये हे दोन्ही अर्थ आहेत. पण ‘संपत्तीचा देव’ म्हटलं की वाचकापुढे कुबेर उभा राहतो, मोहरांचे हंडे दिसायला लागतात. हा देव तसा नाही. त्याची स्थापना धान्य, तेल ठेवायच्या खोलीत होई. ‘कोठीतला झ्यूस’ म्हणा. तळटीप न देता अर्थ पोचतो.

भांड्याची कृती अँटिक्लेइडेस या लेखकाची, आणि ती अथेनायोसच्या ग्रंथात उद्धृत झाल्यामुळे टिकली. नवं, झाकणाचं, दोन कानांचं छोटं भांडं (‘कादिस्कोस’) घ्यायचं. कानांना पांढरी लोकर गुंडाळायची. मधली एक ओळ हस्तलिखितांत बिघडलेली आहे, तिथे उजवा खांदा आणि कपाळ एवढेच शब्द धड लागतात. मग हाताशी असेल ते आत घालायचं आणि वरून ‘आम्ब्रोसिया’ ओतायचा. आम्ब्रोसिया म्हणजे शुद्ध पाणी, ऑलिव्हचं तेल आणि ‘पांकार्पिआ’, म्हणजे सगळ्या प्रकारच्या फळांची मिसळ.

मूळ ग्रीकमध्येही भांड्याला ‘कान’च आहेत, ‘दिओतोस’ म्हणजे दोन कानांचा. इंग्रजीवरून भाषांतर केलं की तिथे ‘दांडे’ येतात आणि जमलेली गोष्ट हातची जाते.

सुगरण : मग ‘घट’ का नको? स्थापना आहे, धान्यफळं आहेत.

खलबत्ता : घटस्थापनेत माती असते, बी पेरतात, रोज पाणी घालतात आणि नऊ दिवसांत अंकुर वर येतात. सगळा जीव त्या उगवण्यात आहे. इथे माती नाही, आत तेल आहे, वर झाकण आहे. काही उगवायचं नाही, असलेलं टिकायचं आहे. ‘घट’ लिहिलंत की वाचक मनातल्या मनात अंकुर बघणार.

सुगरण : मग संक्रांतीचं सुगड जवळचं. आत ऊस, हरभरे, बोरं, गाजर, आणि गळ्याला दोरा. पांकार्पिआला याहून चांगलं चित्र मराठीत नाही.

खलबत्ता : चित्र म्हणून मान्य, पण तळटिपेत. सुगडाला कान नसतात, आणि ते वाणात दिलं जातं. हे भांडं घराबाहेर जाण्यासाठी नाहीच. मजकुरात सरळ ‘दोन कानांचं नवं मडकं’ लिहा.

‘आम्ब्रोसिया’ मात्र बेलाशक ‘अमृत’ करा. ग्रीक ‘आम्ब्रोतोस’ आणि संस्कृत ‘अमृत’ सख्खी भावंडं आहेत, दोन्हींचा अर्थ न मरणारं. माणसाने कालवलेल्या मिश्रणाला अमृत म्हणायची सवय आपल्याला पंचामृतामुळे आहेच. फरक एवढाच की पंचामृत तीर्थ म्हणून हातावर येतं. इथे सूचना फक्त भांड्यात ओतण्याची आहे.

पाणवठा : ‘कुलदैवता’बद्दल. ‘हेर्कोस’ म्हणजे कुंपण. हेर्केइओस हा आवारातला झ्यूस, त्याची वेदी घराच्या अंगणात. ट्रॉय पडलं तेव्हा तिथला म्हातारा राजा प्रिआम आपल्या घरच्या अशाच वेदीपाशी मारला गेला, आणि ग्रीकांना त्यातला अधर्म लगेच कळे तो त्यामुळेच. ‘अंगणातला झ्यूस’ पुरेसं आहे.

अथेन्समध्ये आर्खोन या वरिष्ठ अधिकारपदासाठी निवडलेल्या माणसाला विचारत : तुझ्याकडे अपोलो पात्रोओस आणि झ्यूस हेर्केइओस आहेत का, आणि त्यांची स्थानं कुठे आहेत? ‘पात्रोओस’ म्हणजे वाडवडिलांचा. कुलदैवत हा शब्द खर्चायचाच असेल तर तो त्या अपोलोवर खर्चा. दोन्ही देव एकाच वाक्यात आल्यावर झ्यूसला कुलदैवत केलं, तर अपोलोसाठी हातात काही उरत नाही.

कोठीतल्या झ्यूसला तर ते मुळीच लागू नाही. इसायोस हा लोकांना कोर्टातली भाषणं लिहून देई. त्याच्या एका वारसा-खटल्यातल्या भाषणात किरोन नावाचा म्हातारा ही पूजा स्वतःच्या हाताने करतो. गुलामांना प्रवेश नाही, घराबाहेरच्या स्वतंत्र माणसांनाही नाही. पण मुलीची मुलं शेजारी आहेत, आणि तो त्यांच्यासाठी आरोग्य आणि चांगली मिळकत मागतो. ती मुलं आपलं नातं सिद्ध करायला हाच पुरावा देतात. मुलीकडच्या नातवंडांचं कूळ वेगळं, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. म्हणजे इथला निकष कूळ नाही, घर आहे.

उंबरठा : पटलं. लेखन कसं ठेवू, क्टेसिओस की क्तेसिओस?

पाणवठा : क्तेसिओस. ग्रीक ‘ताउ’ हे अक्षर दंत्य आहे, म्हणून त. ट इंग्रजीतून येतो. नागरीत त-थ, प-फ, क-ख वेगळे दाखवता येतात आणि प्राचीन ग्रीकमध्ये हाच भेद होता, तो वाया का घालवायचा? ‘झ्यूस’ रुळलेलं आहे, राहू द्या. त्याची षष्ठी ‘दिओस’, संबोधन ‘झेउ पातेर’. आपल्या ‘द्यौष्पितर्’शी हे नातं खरं आहे. मात्र ग्रीक ‘थेओस’ आणि आपला ‘देव’ यांचा काहीही संबंध नाही. ध्वनी फसवतो.

उंबरठा : शेवटचं, झ्यूसचंच आणखी एक बिरुद, ‘मेइलिखिओस’? कोशात ‘सौम्य’ आहे, पण मजकुरात लोक त्याला घाबरताना दिसतात.

सुगरण : शितळादेवी आठवा. अंगाची आग करणाऱ्या देवीला शीतल म्हणतात, तसंच हे. कोपू नये म्हणून दिलेलं गोड नाव. अथेन्सचं बंदर पिरेउस, तिथल्या शिल्पांत तो मोठ्या नागाच्या रूपात दिसतो. ‘भोळा’ नको, लगेच शंकर आठवेल. ‘शांतवायचा झ्यूस’ बघा.

पाणवठा : आणि त्याच्या बाबतीत ‘नैवेद्य’ शब्द जपून वापरा. नेहमीच्या ‘थिसिआ’त, म्हणजे पशुबळीत, हाडं आणि चरबी देवाला, मांस माणसांना, तिथे नैवेद्य-प्रसाद ही जोडी निभावते. पण सेनानी आणि लेखक झेनोफोनने इ. स. पू. 399 मध्ये मेइलिखिओसला डुकरं वाहिली ती अख्खी जाळून. नैवेद्य परत पानात येतो, हे येत नाही. तिथे ‘होम’ लिहा.